गोळी बदलली, आता सहा आठवडे द्या

सकाळी सात वीसचं लेक्चर. शेवटून दुसऱ्या बाकावर एक मुलगी डोकं टेकवून बसलेली. सर थांबतात, बघतात आणि म्हणतात, ‘रात्रभर मोबाइल, आणि झोपायला कॉलेज!’ वर्ग हसतो. तीही कसंनुसं हसते. आदल्या रात्री ती नऊ वाजताच झोपली होती, मोबाइल चार्जिंगला लावून. दहा तास झोपूनही सकाळी उठताना अंगावर कुणी ओलं घोंगडं टाकल्यासारखं वाटत होतं. पण हे सांगायचं कुणाला, आणि सांगितलं तर पटणार कुणाला?

ही मुलगी आम्हाला भेटली. पुण्यातल्या एका कॉलेजात एसवाय बीएस्सीला आहे, गाव मराठवाड्यातलं, राहते हॉस्टेलला. बारावीत असताना तिला हायपोथायरॉइडिझम असल्याचं निदान झालं. तेव्हापासून रोज सकाळी ५० मायक्रोग्रॅमची एक छोटीशी गोळी. दीड-दोन वर्षं सगळं ठीक चाललं. मग या वर्षी पुन्हा थकवा, केस गळणं, थंडी वाजणं, वाचलेलं डोक्यात न राहणं सुरू झालं. तपासणी केली तर टीएसएच ९.८. डॉक्टरांनी गोळी ७५ची करून दिली आणि सहा आठवड्यांनी परत या म्हणाले.

तिला ऐकू आलं ते फक्त ‘गोळी वाढवली’. सहा आठवडे कशाला लागतात, हे तिनं विचारलं नाही आणि ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरांनीही सांगितलं नाही. आजचं संपादकीय या सहा आठवड्यांबद्दल आहे. कारण गोळी बदलल्यापासून बरं वाटेपर्यंतच्या या काळात तुमच्यापैकी कितीतरी जणांचं सेमिस्टर अडकतं. आणि त्या काळासाठी आपल्या कॉलेजांकडे ना नियम आहे, ना शब्द.

एकटी नाही तू

आधी एक गंमत. ‘मला थायरॉईड आहे’ असं आपण सर्रास म्हणतो. अरे, थायरॉईड सगळ्यांनाच असतो! गळ्यात पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची ती एक ग्रंथी आहे. शरीराच्या कामांचा वेग किती ठेवायचा, हे ठरवणारी हार्मोन्स ती बनवते. ही हार्मोन्स कमी पडली की हायपोथायरॉइडिझम आणि जास्त झाली की हायपरथायरॉइडिझम. तरुण मुलामुलींमध्ये हार्मोन कमी पडण्याचं एक मोठं कारण म्हणजे शरीराच्या संरक्षण यंत्रणेनं स्वतःच्याच ग्रंथीवर हल्ला करणं. जपानी डॉक्टर हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, म्हणून त्याला हाशिमोतोचं नाव मिळालं.

हा आजार किती जणांना असतो? मुंबई आणि गोव्यासह देशातल्या आठ शहरांत झालेल्या एका पाहणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात प्रौढांपैकी जवळजवळ ११ टक्के लोकांना हायपोथायरॉइडिझम आढळला. त्यातल्या काहींना तो आहे हे पाहणीपर्यंत ठाऊकच नव्हतं. अर्थात, ही आकडेवारी सगळ्या वयांची आहे आणि वीस वर्षांच्या मुलांत प्रमाण त्याहून कमी असतं. पण दोनशे जणांच्या लेक्चर हॉलमध्ये अशी गोळी घेणारी तुम्ही एकटीच असाल, असं मुळीच समजू नका. मुलींमध्ये प्रमाण जास्त आहे, हे खरं. मुलांमध्येही हा आजार असतो, फक्त ते त्याबद्दल आणखीनच कमी बोलतात.

सहा आठवडेच का?

आता त्या सहा आठवड्यांचा हिशेब बघू. सायन्सवाल्यांनी हाफ लाइफ शिकलेलं असतं. बाकीच्यांनीही घाबरू नका, गणित सोपं आहे.

थायरॉक्सिनचं शरीरातलं हाफ लाइफ साधारण सात दिवसांचं असतं. म्हणजे तुम्ही ५०वरून ७५वर गेलात, तर रक्तातली पातळी दुसऱ्या दिवशी जुन्या जागेवरून नव्या जागेवर उडी मारत नाही. पहिल्या आठवड्यात अर्धा पल्ला, दुसऱ्या आठवड्यात पाऊण, तिसऱ्यात सुमारे ८७ टक्के, आणि ९७ टक्क्यांपर्यंत पोचायला पाच आठवडे. डोकेदुखीची गोळी तासाभरात काम करते, अँटिबायोटिकचा फरक दोन-तीन दिवसांत कळतो. आपल्याला औषधाची सवय अशी आहे. ही गोळी मात्र निवांत चालते.

त्यात टीएसएचची वेगळीच तऱ्हा. टीएसएच थायरॉईडमध्ये बनत नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी तो बनवते आणि त्यातून थायरॉईडला ‘अरे, काम वाढव’ असा निरोप धाडते. थायरॉईड सुस्त पडला की निरोपांचा आवाज चढत जातो. म्हणून टीएसएच वाढलेला असेल, तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा थायरॉईड हार्मोन कमी पडतंय असा असतो. आमच्या ओळखीतल्या एकानं ‘टीएसएच जास्त आलाय ना, मग गोळी कमी करतो’ असं ठरवून टाकलं होतं. अगदी उलटं! आणि हार्मोनची पातळी सुधारल्यावरही पिट्युटरीला आवाज खाली आणायला वेळ लागतो. म्हणून डॉक्टर सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी करायला सांगतात. दहाव्या दिवशी घाईनं केलेल्या टेस्टमध्ये अर्धवट आकडा मिळतो, पैसे जातात आणि जीव टांगणीला लागतो.

आमच्या या मैत्रिणीला यातलं काहीच माहीत नव्हतं. नवी गोळी सुरू होऊन दोन आठवडे झाले, तरी थकवा तसाच. रूममेट म्हणाली, ‘माझी मावशी तर सव्वाशेची घेते, तू दोन घेऊन बघ ना.’ प्रॅक्टिकल तोंडावर आलेलं. तिनं मनानंच रोज दोन गोळ्या सुरू केल्या, म्हणजे ७५च्या जागी १५०. आठ-दहा दिवसांनी हात थरथरायला लागले. छातीत धडधड. झोप उडाली. प्रॅक्टिकलला ब्युरेट धरताना हात स्थिर राहीना, आणि एक्स्टर्नलला वाटलं की पोरीनं अभ्यासच केलेला नाही. डॉक्टरांकडे गेल्यावर ते चिडले, ईसीजी काढला, तो सुदैवानं ठीक आला. काही दिवस गोळी थांबवायला लावून त्यांनी पुन्हा ७५ सुरू केली. आणि सहा आठवड्यांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून!

मनानं डोस वाढवणं जेवढं वाईट, तेवढंच ‘काही फरक पडत नाही’ म्हणून बंद करणंही वाईट. हार्मोन गरजेपेक्षा जास्त झालं की त्याचा ताण हृदयावर येतो आणि बराच काळ तसंच राहिलं तर हाडांवरही. बंद केलं की दोन-तीन आठवडे काही जाणवत नाही, कारण तेच हाफ लाइफ! आणि मग एकदम गाडी रुळावरून खाली.

आधी गोळी, मग चहा

डॉक्टरांनी दुसऱ्या भेटीत तिला एक साधा प्रश्न विचारला. ‘गोळी घेतेस कशी?’ उत्तर ऐकून त्यांनी डोक्याला हात लावला. पावणेसातला मेसमध्ये चहा, चहाच्या घोटाबरोबर थायरॉईडची गोळी, आणि हिमोग्लोबिन कमी म्हणून दिलेली लोहाची गोळीही तेव्हाच. ‘लक्षात राहावं म्हणून सगळं एकदम घेते.’

थायरॉक्सिन आतड्यातून नीट शोषलं जायला रिकामं पोट लागतं. चहा-कॉफीनं त्यात अडथळा येतो. लोह आणि कॅल्शियम तर या गोळीला धरूनच ठेवतात. त्यामुळे गोळी पोटात जाते, पण रक्तात पुरेशी पोचत नाही. तिचा टीएसएच वाढण्यामागे हेही कारण असावं, असं डॉक्टरांचं म्हणणं पडलं. म्हणजे ज्या गोळीला ती दोष देत होती, त्या गोळीला आपण कामच करू देत नव्हतो, हे तिला तेव्हा कळलं.

म्हणून ही काही पथ्यं. ती फ्रीजवर, कपाटावर, वाटेल तिथे चिकटवा.

• सकाळी उठल्या उठल्या साध्या पाण्याबरोबर गोळी. चहा, दूध, नाश्ता त्यानंतर अर्ध्या ते एक तासानं. उपवास असला तरी गोळी चुकवू नका. निरंकार करण्याची इच्छा असेल, तर डॉक्टरांशी बोलून ठरवा.

• लोह, कॅल्शियम, अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या यांच्यात आणि थायरॉईडच्या गोळीत चार तासांचं अंतर. लोहाची गोळी दुपारच्या जेवणानंतर ठेवली की प्रश्न मिटतो.

• सकाळी साडेपाचची लोकल किंवा सातचं लेक्चर, त्यामुळे हे जमतच नसेल, तर डॉक्टरांना विचारून रात्री झोपताना घ्या. शेवटच्या खाण्यानंतर तीन तास मात्र झालेले हवेत. दिवसाला एक वेळ ठरवा आणि तीच पाळा.

• केस गळतात म्हणून ‘हेअर गमीज’ खाताय? त्यात बहुतेक वेळा बायोटिन असतं. बायोटिनमुळे थायरॉईडच्या काही तपासण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस ते बंद ठेवा आणि डॉक्टरांना सांगा.

• रक्त सकाळी द्या, त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यानंतर घ्या आणि शक्यतो दर वेळी एकाच लॅबमध्ये जा.

• केमिस्टनं ‘तोच आहे, फक्त कंपनी वेगळी’ म्हणून दुसऱ्या ब्रँडची बाटली दिली, तर डॉक्टरांच्या कानावर घाला. ब्रँड बदलल्यावरही पुन्हा टीएसएच बघावा लागू शकतो. बाटली बाथरूममध्ये किंवा उन्हात तापणाऱ्या खिडकीत ठेवू नका.

• एखाद्या दिवशी विसरलात तर जग बुडत नाही. पण रोजच विसरायला होत असेल, तर बाटली उशाशी ठेवा आणि मोबाइलवर अलार्म लावा.

छातीत धडधड, हाताला कंप, एकदम वजन उतरणं, झोप उडणं यातलं काही सुरू झालं, तर सहा आठवडे पूर्ण व्हायची वाट बघू नका. लगेच डॉक्टरांना गाठा. छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल, तर अजिबात वेळ घालवू नका.

आणि हो, प्रत्येक थकव्याचं खापर थायरॉईडवर फोडू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. बी-१२ कमी असणं, झोप कमी होणं, मेसचं जेवण टाळून वडापाववर दिवस काढणं, मनावरचा ताण, नैराश्य, ही सगळी थकव्याची कारणं आहेत. टीएसएच जागेवर आल्यावरही मरगळ जात नसेल, तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा आणि पुढची तपासणी करायला लावा.

‘अ‍ॅडमिट होतीस का?’

इथपर्यंत तिची आणि तुमची बाजू झाली. आता कॉलेजची.

या सगळ्या भानगडीत तिची हजेरी ६१ टक्क्यांवर आली आणि नाव डिफॉल्टर लिस्टमध्ये लागलं. डॉक्टरांचं सर्टिफिकेट, तारखांसकट दोन्ही रिपोर्ट आणि डोस बदलल्याची चिठ्ठी घेऊन ती ऑफिसात गेली. खिडकीपलीकडून एकच प्रश्न आला. ‘अ‍ॅडमिट होतीस का?’ नव्हती. ‘मग कसलं मेडिकल? थायरॉईड तर माझ्या बायकोलाही आहे, ती घर सांभाळून नोकरी करते.’

त्या क्लार्ककाकांवर आमचा राग नाही. त्यांच्या फॉर्मवर रकानाच तेवढा आहे. हॉस्पिटलचं नाव, दाखल झाल्याची तारीख, डिस्चार्जची तारीख. डेंगी, अपेंडिक्स, फ्रॅक्चर यांना त्या फॉर्ममध्ये जागा आहे. ज्या आजारात माणूस चालतो-फिरतो, कॉलेजला येतो, पण दुपारी दोनला त्याच्यातली ताकद संपते, त्या आजाराला जागा नाही. आणि काकूंबद्दल म्हणाल, तर डोस स्थिर असताना माणूस सगळं करू शकतो, हे अगदी बरोबर आहे. थायरॉईडचे बहुसंख्य पेशंट आयुष्यभर नोकरी, संसार, ट्रेक, सगळं करतात. अडचण असते ती डोस हललेला असतानाच्या दीड-दोन महिन्यांत. ५० टक्के बॅटरीवरच्या मुलीकडून १०० टक्क्यांचं काम मागितलं जातं ते नेमकं या काळात.

म्हणून आमचं कॉलेजांना मागणं मोजकं आहे. ७५ टक्क्यांचा नियम मोडीत काढा, असं आम्ही म्हणत नाही. सवलतीच्या अर्जात ‘दीर्घकालीन आजार, औषधातला बदल’ असा एक रकाना वाढवा. डोस बदलल्याची तारखेसह चिठ्ठी आणि रिपोर्ट असेल, तर त्या तारखेपासून आठ आठवड्यांपर्यंत सबमिशनच्या तारखा, व्हायव्हाचा स्लॉट आणि पहिल्या लेक्चरची हजेरी यात थोडी मोकळीक द्या. पुढचा रिपोर्ट दाखवला की सवलत बंद. बहुतेक कॉलेजांच्या नॅकच्या फाइलीत मेंटॉर-मेंटी योजना असतेच. ती फाइलीतून वर्गात आणण्यासाठी याहून चांगलं निमित्त मिळणार नाही.

‘मग सगळेच थायरॉईडचं सर्टिफिकेट आणतील’ हा आक्षेप येणार, हे आम्हाला ठाऊक आहे. आणतील काही जण, नाकारून उपयोग नाही. पण तापाचं खोटं सर्टिफिकेट आजही दीडशे-दोनशे रुपयांत मिळतं आणि ते निमूट स्वीकारलं जातं. त्या मानानं इथे लॅबचा आकडा, तारीख, प्रिस्क्रिप्शन आणि आठ आठवड्यांनी पुन्हा आकडा असा तपासता येणारा पुरावा आहे. चार जण फसवतील म्हणून खरोखर आजारी असलेल्या मुलीचं वर्ष वाया घालवायचं, हा न्याय कुठला?

नाव छापू नका

ही सगळी हकिगत सांगून झाल्यावर ती म्हणाली, ‘फक्त माझं नाव छापू नका.’ आम्हाला वाटलं, कॉलेजची भीती असेल. तर म्हणाली, ‘कॉलेजचं नाही हो. घरी पुढच्या वर्षीपासून स्थळं बघणार आहेत. आई म्हणते, गोळीचं कुणाला सांगायचं नाही.’ सुट्टीत घरी गेली की बाटली कपड्यांच्या खाली. पाहुणे असले की गोळी चुकते, कारण सगळ्यांसमोर घ्यायची नाही आणि सकाळी आधी सगळ्यांबरोबर चहा घ्यावा लागतो.

आईला दोष देणं सोपं आहे. तिनं आजूबाजूला जे पाहिलंय, त्यातून ती लेकीला वाचवायला बघतेय. पण लपवण्यापायी गोळी चुकत असेल, तर हे वाचवणं पोरीला महागात पडतंय. उपचार नीट चालू असले, तर थायरॉईडमुळे लग्न, संसार, मूल यातलं काही अडायचं कारण नसतं. गरोदरपणात डोस बदलावा लागतो, म्हणून डॉक्टरांना आणि जोडीदाराला तो माहीत असणं तर जास्तच गरजेचं. चष्मा लपवून कुणी स्थळ बघायला बसत नाही, मग गोळी का लपवायची?

थोडं मागे वळून बघा. १८९१ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचे डॉक्टर जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क काढून एका पेशंट बाईंना टोचला. त्याआधी या आजारात माणूस सुजत, मंदावत जायचा आणि बघत बसण्याखेरीज कुणाच्या हातात काही नसायचं. त्या बाई त्यानंतर २८ वर्षं जगल्या. आज तेच काम तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी गोळी करते आणि थायरॉक्सिन आपल्या देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. महाग नाही, दुर्मीळ नाही. अडतंय ते आपल्या बोलण्यात.

सध्या या काळातून जात असाल, तर स्वतःशी जरा समजुतीनं वागा. महिनाअखेरीस पॉकेटमनी पुरवून वापरता, तशी अंगातली ताकद वापरा. डोकं ज्या दोन-तीन तासांत चालतं, त्यात अवघड विषय. जर्नल उतरवणं, फाइल लावणं उरलेल्या वेळात. दुपारी वीस मिनिटांची डुलकी, संध्याकाळी जमेल तेवढं चालणं. फेस्टच्या कमिटीला या वेळी नाही म्हणा, पुढच्या वर्षी फेस्ट असणारच आहे. आणि एका तरी शिक्षकाला, एका तरी मैत्रिणीला सांगून ठेवा की गोळी अमुक तारखेला बदलली आहे.

आमच्या मैत्रिणीची सहा आठवड्यांनंतरची टेस्ट मागच्या पंधरवड्यात झाली. टीएसएच मर्यादेत आलाय. पूर्वीसारखी झालीस का विचारलं तर म्हणाली, ‘अजून नाही. पण सात वीसच्या लेक्चरला जागी असते.’ सवलतीचा अर्ज मात्र अजून ऑफिसात पडून आहे. परीक्षेचे फॉर्म सुटायच्या आत त्यावर सही व्हावी, एवढीच तिची इच्छा आहे.

आणि तुमच्या वर्गात कुणी बाकावर डोकं टेकवून बसलेलं दिसलं, तर हसण्याआधी एकदा विचारा, ‘बरं आहे ना तुला?’